कॅम्पमधला लाल कागद आणि नंतरचे सात महिने

९ मार्च २०२५, रविवार. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणीचा कॅम्प होता. काचबिंदूच्या जागतिक सप्ताहाचा तो पहिला दिवस. मी खाली उतरले ती आईचे थेंब संपले होते म्हणून, मेडिकलमध्ये जायला. हॉलच्या दारातल्या मुलीने विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू आहे का?" मी आईचं सांगितलं, आणि तिने मला हाताला धरून रांगेत बसवलं.

आईचा काचबिंदू कळला तेव्हा फार उशीर झाला होता. ती पायरी चुकायची, उंबऱ्याला ठेचकाळायची, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं, सावकाश चाल. चष्म्याचा नंबर दर वर्षी तपासला जायचा, नवी काच बसायची, पण डोळ्याच्या नसेकडे कुणी पाहिलंच नाही. खालच्या बाजूचं तिला दिसतच नाही हे समजलं तोवर उजवा डोळा जवळपास गेला होता. काचबिंदूत, म्हणजे ग्लॉकोमात, डोळ्याची नस हळूहळू खराब होते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं की झालं, असं इथे नसतं.

कॅम्पमधलं मशीन एका टेबलावर मावेल एवढं होतं. हनुवटी टेकवायची, हिरव्या खुणेकडे बघायचं, दोन-तीन सेकंद पापणी मिटायची नाही. दोन्ही डोळे पाच मिनिटांत उरकले. हातात कागद आला आणि पोटात गोळा आला. दोन्ही डोळ्यांच्या गोलांमध्ये लाल रंग होता. खाली छापलं होतं: नसेच्या थराची सरासरी जाडी, उजवा ८४, डावा ७३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथले डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण ग्लॉकोमावाल्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्या." त्यांच्या पुढ्यात साठ-सत्तर माणसं होती. याहून जास्त बोलायला त्यांना सवड नव्हती, आणि मलाही काही विचारायचं सुचलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. सारखी एक डोळा झाकून पंख्याची पाती मोजत होते. अशाने काही कळत नाही हे आता माहीत आहे. सुरुवातीच्या काचबिंदूत काळा डाग वगैरे दिसत नाही. जे दिसत नाही त्याची उणीव मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो, आणि दुसरा डोळा मदतीला असतोच.

सोमवारी सकाळी डेक्कनजवळच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन लावला. ग्लॉकोमाच्या डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस असतात, पहिली रिकामी वेळ २० मार्च. मधल्या दहा दिवसांत धुळवड आली आणि गेली. रंग डोळ्यात जाईल या भीतीने मी दार उघडलं नाही. त्या दहा दिवसांत एक काम मात्र बरं केलं: जुने चष्म्याचे नंबर, घेतलेली औषधं आणि घरातल्यांचे डोळ्यांचे आजार एका कागदावर लिहून काढले. तो कागद खूप कामी आला, कारण तिथे पहिला प्रश्नच होता, "स्टेरॉइड कधी घेतलंय? गोळ्या, दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, त्वचेचं मलम, डोळ्याचे थेंब?" स्टेरॉइडने काही जणांचं डोळ्यांतलं प्रेशर वाढतं. आणि लहानपणी मला दमा होता हेही त्या कागदावर होतं. डॉक्टरांनी फाइलवर लगेच लाल पेनाने नोंद केली, कारण काचबिंदूच्या थेंबांपैकी टिमोलॉलसारखे काही दम्याच्या माणसाला चालत नाहीत.

२० तारखेला तपासणी फी ८०० रुपये. पैसे आधी काउंटरवर, मग टोकन, मग प्रत्येक खोलीबाहेर वेगळी रांग. सकाळी दहाला गेले, दुपारी अडीचला बाहेर पडले. घरातून डबा घेऊन जा, खरंच.

प्रेशर मोजताना हवेचा फुगारा नव्हता. सुन्न करणारा थेंब आणि पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, अलगद टेकवून मोजलं. उजवा १८, डावा १९. दहा ते एकवीस नॉर्मल धरतात हे मला आईमुळे माहीत होतं, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर म्हणाल्या, थांबा, बुबुळाची जाडी बघू. ती सर्वसाधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. माझी निघाली उजवी ५०२, डावी ४९८. बुबुळ पातळ असलं की मशीन प्रेशर कमी दाखवतं. शिवाय प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग एक भिंग डोळ्यालाच लावून कोपरा पाहिला. पाणी वाहून जाण्याची डोळ्यातली जागा उघडी आहे की अरुंद, हे त्यात दिसतं. याला गोनिओस्कोपी म्हणतात. दुखत नाही, पण विचित्र वाटतं. जाडी आणि कोपरा मिळून ९०० रुपये. ही तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी करतात, कारण कोपरा अरुंद असेल तर ते थेंब जोखमीचे ठरू शकतात. माझा कोपरा उघडा होता. मग थेंब घातले, आणि तासाभराने त्यांनी नस पाहिली.

इथे मी कॅम्पचा कागद पुढे केला. डॉक्टरांनी रंगांकडे पाहिलंच नाही. त्यांनी आधी कोपऱ्यातला बारीक आकडा वाचला. सिग्नल, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आलाय त्याचा आकडा: उजवा ७, डावा ५. दहापैकी सहाच्या खाली असेल तर त्या स्कॅनवर त्या विसंबत नाहीत. डोळा कोरडा असला, पापणी मिटली, बाहुली बारीक असली तरी हा आकडा पडतो, आणि सिग्नल पडला की नसेचा थर आहे त्याहून पातळ मोजला जाऊ शकतो. मग त्यांनी विचारलं, "नंबर किती तुमचा?" उजवा उणे साडेसहा, डावा उणे सात. "मग यातला थोडा लाल तुमच्या नंबराचाही असेल. किती आणि कुठला, ते या कागदावरून सांगता येणार नाही."

येताना मेट्रोने डेक्कनहून आयडियल कॉलनीला आले. डायलेट केलेल्या डोळ्यांनी मार्चच्या उन्हात स्कूटर चालवायचा विचारही करू नका. चार-पाच तास जवळचं काही वाचता येत नाही, रिक्षाचं मीटरसुद्धा. गॉगल आणि सोबत, दोन्ही न्या.

ओसीटीची, म्हणजे त्याच थराच्या पूर्ण स्कॅनची, वेळ २५ मार्चची मिळाली. दोन्ही डोळ्यांचे २,८०० रुपये. झटपट आणि पूर्ण यांतला फरक मला त्या खोलीत डोळ्यांनी दिसला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओसीटी म्हणजे प्रकाशाच्या परावर्तनातून डोळ्याच्या पडद्याचे थर मोजायचे. सोनोग्राफीसारखंच, फक्त आवाजाऐवजी प्रकाश, त्यामुळे क्ष-किरण नाहीत, इंजेक्शन नाही. हे तंत्र १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालं. कॅम्पमधल्या झटपट तपासणीत मशीन नसेच्या मुळाभोवती फक्त एक वर्तुळ काढतं, साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं, आणि त्या रेषेवर थराची जाडी मोजतं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारे सगळे तंतू या वर्तुळातूनच जातात, त्यामुळे कल्पना हुशारीची आहे. टोलनाक्यावर उभं राहून गाड्या मोजल्यासारखं. पण कुठली गाडी कुठल्या गावाहून आली, हे नाक्यावर कळत नाही. वर्तुळ जरा सरकलं तरी आकडे बदलतात.

पूर्ण स्कॅनमध्ये बारा बाय नऊ मिलिमीटरचा अख्खा तुकडा टिपला. नसेचं मूळ आणि आपण वाचायला वापरतो तो मधला भाग, मॅक्युला, दोन्ही एकाच चित्रात. प्रत्येक वेळी टेक्निशियनताई थरांच्या रेषा पडद्यावर मोठ्या करून बघत होत्या. मशीनने आखलेली रेषा खऱ्या थरावर बसली आहे का, हे त्या तपासत होत्या. डाव्या डोळ्याचा स्कॅन त्यांनी तीनदा घेतला. दुसऱ्या वेळी मी मध्येच डोळा हलवला आणि चित्रातली रक्तवाहिनी तुटल्यासारखी दिसली, तो त्यांनी पुसून टाकला. अश्रूंसारखे थेंब घालून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं, आणि तिसऱ्या वेळी सिग्नल ८ आला. पाऊण तास गेला. कॅम्पमध्ये कुणाला एवढा वेळ देता येणार?

२७ मार्चला फील्ड टेस्ट, म्हणजे पेरिमेट्री. १,४०० रुपये. अर्ध्या वाडग्यासारख्या पांढऱ्या मशीनमध्ये मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं ही परीक्षा आहे, सगळे ठिपके पकडायलाच हवेत. मी नजर फिरवून त्यांचा पाठलाग केला आणि रिपोर्ट बाद झाला. अर्धे ठिपके मुद्दामच इतके मंद असतात की चांगल्या डोळ्यालाही दिसू नयेत, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी रडकुंडीला आले नसते. म्हणून तुम्हाला सांगते: नाही दिसला तर सोडून द्या. पापणी बटण दाबताना मिटा. थकवा आला तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं.

८ एप्रिलला पुन्हा, आणखी १,४००. यात नेहमीची २४-२ आणि डाव्या डोळ्याची जादा १०-२ अशा ठिपक्यांच्या दोन मांडण्या होत्या. ही जादा का, तर ओसीटीत मधल्या भागाजवळ काहीतरी दिसलं होतं. २४-२ मध्ये चोपन्न जागी ठिपके येतात, पण ते सहा-सहा अंशांच्या अंतराने. मधल्या दहा अंशांत त्यातले फक्त बारा पडतात. १०-२ मध्ये त्याच भागात अडुसष्ट. इथेही तोच झटपट आणि सविस्तरचा मामला.

१२ एप्रिल, शनिवार. दिवसभरात चार वेळा प्रेशर, ६०० रुपये. सकाळी आठला डाव्या डोळ्यात २३. अकराला २०, दोनला १८, पाचला १७. माझी पहिली भेट दुपारच्या सुमाराची होती. तेव्हाच्या १९ वर मी निर्धास्त झाले असते.

१७ एप्रिलला सगळे कागद एकत्र पाहिले. त्या भेटीचे ५००. डॉक्टरांनी अर्धा तास दिला आणि माझ्याच खुर्चीकडे स्क्रीन वळवला.

उजवा डोळा. वर्तुळाच्या आलेखात दोन उंचवटे असतात, वरच्या आणि खालच्या जाड तंतूंचे. माझे दोन्ही उंचवटे पुरेसे उंच होते, पण ते मॅक्युलाच्या बाजूला सरकलेले होते. जास्त मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, त्यात असं होतं. मशीनने उंचवटा नेहमीच्या जागी शोधला, तिथे तो नव्हता, म्हणून लाल. हिरवा, पिवळा, लाल हे रंग म्हणजे मशीनमध्ये साठवलेल्या, आपल्या वयाच्या निरोगी डोळ्यांशी केलेली तुलना. पिवळा म्हणजे सगळ्यांत पातळ पाच टक्क्यांत, लाल म्हणजे एका टक्क्यात. त्यामुळे शंभरातल्या एका धडधाकट माणसालाही लाल येणारच. त्यात माझ्यासारखे मोठ्या नंबराचे डोळे त्या साठ्यात थोडेच असतात. उजव्याची सरासरी ८६, मॅक्युलाचा नकाशा स्वच्छ, फील्ड स्वच्छ. काचबिंदू नाही.

डावा डोळा. सरासरी ७४. पण आकड्यापेक्षा ते मोठं चित्र बघताना मला समजलं. नसेच्या खालच्या कडेपासून एक पातळ पट्टा निघून कमानीसारखा मॅक्युलाच्या खाली गेला होता. नंबरामुळे येणारा लाल असा तंतूंच्या वाटेने जात नाही. त्याच जागी मॅक्युलाच्या नकाशातही पेशींचा थर कमी होता. आणि १०-२ मध्ये बरोबर मध्याच्या थोडं वर चार-पाच ठिपके मंद. खालची नस पातळ झाली की वरचं दिसणं कमी होतं, कारण पडद्यावर चित्र उलटं पडतं. तीन वेगळ्या तपासण्या एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. सुरुवातीचा काचबिंदू.

म्हणजे कॅम्पचा कागद एका डोळ्याबाबत खोटा होता आणि एका डोळ्याबाबत खरा, आणि दोन्हीकडे लाल रंग सारखाच होता.

मी गाडीत बसून रडले. नवरा काही बोलला नाही, त्याने म्हात्रे पुलाजवळ गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दहा मिनिटं तसेच बसलो. मला माझ्याबद्दल वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त आईबद्दल. तिच्यासाठी कुणी तरी कधी तरी असा पाच मिनिटांचा वर्तुळाचा स्कॅन केला असता तर.

थेंब सुरू झाले, लॅटानोप्रॉस्ट, रात्री एकदा, डाव्या डोळ्यात. बाटली साडेतीनशेच्या आसपास, महिनाभर पुरते. न उघडलेली फ्रीजमध्ये, उघडली की बाहेर चालते, पण पुण्यातल्या मे महिन्यात मी फ्रीजच्याच दारात ठेवली. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहायची. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबायचं. पहिले पंधरा दिवस डोळा लालसर राहिला, मग निवळला. २९ मेला सकाळी लवकरची वेळ मागून घेतली: डाव्या डोळ्याचं प्रेशर १५.

खर्चाचं सांगायचं तर तपासण्यांचे एकूण ८,४०० झाले. मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही, कारण माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण तपासण्या येत नाहीत. क्लेम भरण्याआधी फोन करून विचारलं असतं तर कागद जमवण्यातले दोन दिवस वाचले असते.

मधल्या काळात दादाचं प्रकरण झालं. मी फोन करून सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो, तपासून घे. दादाने साताऱ्यात एका शिबिरात तसाच झटपट स्कॅन केला आणि रिपोर्टचा फोटो पाठवला. सगळं हिरवंगार. "झालं समाधान?" म्हणाला. मला ते हिरवं बघून लाल बघितल्यापेक्षा जास्त धास्ती वाटली. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, संध्याकाळी त्यांचं डोकं दुखतं, दिव्याभोवती कडी दिसते म्हणतात. मे अखेरीस ती त्याला जवळजवळ ओढूनच पुण्याला घेऊन आली.

दादाला प्लसचा नंबर आहे. त्याची नस खरोखरच चांगली होती, स्कॅनने खोटं सांगितलं नव्हतं. पण भिंग लावून कोपरा पाहिला तर दोन्ही डोळ्यांत अगदी अरुंद. नसेभोवतीचं वर्तुळ काढणाऱ्या स्कॅनला डोळ्याच्या पुढच्या बाजूचा कोपरा दिसतच नाही. असा कोपरा अचानक बंद झाला तर काही तासांत प्रेशर भडकतं आणि नजरेवर येतं. जूनमध्ये त्याच्या दोन्ही डोळ्यांना लेझर केलं, बुबुळामागच्या रंगीत पडद्यात बारीक छिद्र. पालखीचा मुक्काम होता, रस्ते बंद, म्हणून तारीख एकदा पुढे गेली. दर डोळ्याला काही मिनिटं लागली, दोन्हींचे मिळून ७,०००. दादा संध्याकाळी स्वारगेटहून एसटीने परत गेला. वहिनीने सर्दीच्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत हे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलंय, कारण लेझरआधी डॉक्टरांनी त्याबद्दल बजावलं होतं.

रिपोर्टबद्दल एवढं नक्की करा: रंगीत प्रिंट घ्या आणि सोबत पीडीएफही मागा. मागितल्याशिवाय देत नाहीत. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसतात. आईच्या जुन्या फाइलचे असेच चार निरुपयोगी कागद आमच्याकडे आहेत. आणि पुढच्या वेळी त्याच मशीनवर स्कॅन होईल असं बघा. एका कंपनीच्या मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी लावता येत नाही. कॅम्पमधला ७३ आणि हॉस्पिटलमधला ७४ शेजारी ठेवून मी उगाच आनंदले होते.

कॅम्पची ती मुलगी ऑगस्टमध्ये सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करताना भेटली. मी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग आमच्या कॅम्पचा उपयोग झाला की नुसता ताप झाला?" मी म्हटलं, तू हाताला धरून बसवलं नसतंस तर मी आईचे थेंब घेऊन परत वर गेले असते. फक्त पुढच्या वर्षी कागदावर सिग्नलच्या आकड्याला गोल कर, आणि हिरवं आलेल्यांनाही घरात काचबिंदू आहे का ते विचार. तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

१६ ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावर, सहा महिन्यांनंतरचा स्कॅन. तेच मशीन, त्याच टेक्निशियनताई. उजवा ८५, डावा ७३. एकेक मायक्रॉन कमी पाहून माझा घसा कोरडा पडला. चार-पाच मायक्रॉनपर्यंतचा फरक मोजण्यातलाच असू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मार्चचं चित्र नव्या चित्रावर ठेवून दाखवलं. पट्टा रुंद झालेला नव्हता. डावं प्रेशर १४. १०-२ मधले ठिपके तेवढेच. थेंब तेच, पुढची तारीख १६ एप्रिल, सकाळी साडेआठ. फाइल मी आईच्या फाइलीशेजारी ठेवली आहे, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत मशीनचं नाव लिहून.